वरच्या चौकीचं जेवण

जनीला यंदा कशेळ्याला जायचंच नव्हतं. नवऱ्याच्या नावाने भरणाऱ्या कबड्डी स्पर्धेचं हे दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी तिने शाल घेतली, नारळ घेतला, ओळखीच्या-अनोळखी माणसांबरोबर फोटो काढून घेतले. त्याआधी शाळेत, ग्रामपंचायतीत, कर्जतच्या सभागृहात, एकदा तर पार खालापूरपर्यंत नेलं होतं तिला. शाली पेटीत मावेनात, तेव्हा सासूने त्यातल्या काही वाडीतल्या बाळंतिणींना देऊन टाकल्या. आता भाताची झोडणी चालू होती आणि जनीचे खांदे भरून आले होते.

"नाय गेलं तर नाय चालनार का?" तिने सासूला विचारलं.

"अप्पा सर सोता आलेत बोलवाया," मंगळी म्हणाली. "त्यांना नाय कसं म्हनू गं?"

अप्पा बाहेर ओट्यावर पाणी पीत बसले होते. कर्जतच्या शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक. जीप खालीच थांबते, त्यामुळे वाडीचा चढ त्यांना चालावा लागला होता आणि अजून धाप उतरली नव्हती.

जनीच्या नवऱ्याला, नवनाथला, त्यांनीच हेरलं होतं. तालुक्याच्या सामन्यात ते पंच होते आणि आश्रमशाळेच्या संघात डाव्या कोपऱ्याला हा काटकुळा पोरगा उभा होता. समोरच्या धिप्पाड गड्याचा घोटा त्याने धरला तो धरलाच. गड्याने त्याला मध्यरेषेपर्यंत फरफटत नेलं, ढोपरं सोलवटली, पण हात सुटला नाही. सामना संपल्यावर अप्पांनी विचारलं, "दुखलं का रे?" तर म्हणाला, "मगाशी नाय दुखलं. आता दुखतंय."

मग दर शनिवारी तो कर्जतला अप्पांकडे राहू लागला. अप्पांच्या बायकोच्या हातची आमटी त्याला फार आवडायची. अप्पांनीच त्याला सैन्याच्या खेळाडू भरतीला नेलं आणि तो लागला. कोंडाण्याजवळच्या वाडीतल्या जनीशी लग्न झालं, तेव्हा वाडीवर जो येई तो त्याच्या अंगातल्या सैन्याच्या संघाच्या जर्सीकडे बघत राही.

पुढे एका मोठ्या स्पर्धेत त्याचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, पण पहिल्यासारखा पाय राहिला नाही. संघातून काढून त्याला पलटणीत परत पाठवलं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानंतरचं फक्त जनीला ठाऊक होतं.

शेवटच्या रजेवर तो आला, तेव्हा कळंबला सामने होते. लोकांनी हट्ट करून त्याला नेलं. नाणेफेक करायला लावली, माइकवर दोनदोनदा नाव पुकारलं. तो हसत गेला आणि हसत आला. घरी आल्यावर जनी त्याच्या गुडघ्याला मोहाचं तेल चोळत बसली.

"सगळे इचारतात, कुठं हायस, काय करतोस," तो म्हणाला. "काय सांगू? लंगरात हाय मी, पलटणीच्या सैपाकघरात. पाय असा, म्हनून हलकं काम दिलंय. कांदे चिरतो, रोट्या भाजतो. कुनाला सांगू नको गं."

"त्यात लाजायचं काय?"

"तुला नाय कळायचं. तू सांगू नको, बस."

तिने सांगितलं नाही. थोड्याच महिन्यांत सीमेवर लढाई पेटली आणि नवनाथ तिरंग्यात गुंडाळून आला. रडतानाही तिने सांगितलं नाही. मग भाषणं सुरू झाली. एकाने म्हटलं, त्याने शत्रूचा बंकर घेतला. दुसरा म्हणाला, त्यात तीन माणसं मारली. गेल्या वर्षी तर निवेदक म्हणाला, वीर नवनाथ 'कबड्डी कबड्डी' करत शत्रूवर चालून गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जनी खुर्चीवर बसून ऐकत होती आणि तिला वाटत होतं, हे कुणा दुसऱ्याच माणसाबद्दल चाललंय. घरी येऊन ती दोन दिवस पडून होती. ताप नव्हता, काही नव्हतं. उठवतच नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडाला मनोज नावाचा जवान वाडीवर आला. नवनाथच्या तुकडीतला, साताऱ्याकडचा. सासू शेतावर गेली होती, तेव्हा त्याने जनीला एकटीलाच खरं काय ते सांगितलं. वरच्या चौकीवर ते सगळे अडकले होते आणि तोफा थांबत नव्हत्या. खालून कोणी येईल अशी आशाच नव्हती. नवनाथला कोणी हुकूम दिला नव्हता. तोच रोट्यांचं गाठोडं आणि भाजीचा डबा घेऊन निघाला, तसल्या पायाने. चौकी दिसायला लागली होती. तिथे गोळा पडला.

"वहिनी, आम्ही त्याला येताना बघत होतो," मनोज शेवटी म्हणाला.

हे सगळं मनात घेऊन जनी अप्पांबरोबर खाली उतरली. सोबत मंगळीही.

मैदानावर दुपारचं ऊन होतं. बॅनरवर पुढाऱ्यांचे चेहरे मोठे आणि नवनाथचा कोपऱ्यात. निवेदकाने पुन्हा बंकर आणला, या वेळी माणसं पाच झाली. जनीने शाल घेतली. मंचावरून उतरायच्या ऐवजी ती तिथेच उभी राहिली आणि तिने माइक मागितला. निवेदकाने अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी मान हलवली.

"बंकर नाय घेतला त्यानं," ती म्हणाली. तिचाच आवाज भोंग्यातून आल्यावर ती दचकली, पण थांबली नाही. "त्याचा पाय गेला होता. तो लंगरात होता, रोट्या भाजायचा. वरची मानसं उपाशी होती म्हनून जेवन घेऊन चालला होता. तवा गोळा पडला. त्यानं मला सांगू नको म्हनलं होतं. पन तुमी दरसाली येगळंच सांगता, मला ऐकवत नाय. मी दमले."

कोणी टाळी वाजवली नाही. मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं. एक पुढारी घड्याळ बघत उठला. निवेदकाने घाईघाईने पुढचा सामना पुकारला.

अप्पा तिला जीपपर्यंत सोडायला आले. मग म्हणाले, "मला बोलला नाही गं तो."

"तुमालाच कसं सांगल, सर? तुमच्याच डोळ्यात त्याला ल्हान व्हायचं नव्हतं."

अप्पांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "पुढच्या वर्षी मी बोलेन," ते म्हणाले. "तू आलीस तर ये, नाहीतर नको येऊस. बोलवायला कोणी येणार नाही."

जीप भरेपर्यंत दोघी मागच्या बाकावर टेकून बसल्या. मंगळीला हल्ली कमी ऐकू यायचं.

"काय बोललीस गं तिथं? भोंग्यातलं मला कायच कळलं नाय."

जनीने तिच्या कानाशी तोंड नेऊन सगळं पुन्हा सांगितलं.

"ती पोरं जेवली का मग?" मंगळीने विचारलं.

"मनोज म्हनला, दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या कुनी नेलं."

"नवनाथचं गाठोडं?"

"ते पन मिळालं त्यांना. थोडं उरलं होतं त्यात."

मंगळीने पदराने नाक पुसलं. ड्रायव्हर चढला, जीप हलली. जनीने डोकं सासूच्या खांद्यावर टेकलं आणि वाडीचा फाटा यायच्या आतच तिला झोप लागली.