कार्ड मागाहून टाकू

मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीचा लिलाव पुकारून मला एकतीस वर्षं झाली. शाळा दुसरीपर्यंत. पण सुरमई आजची की कालची हे मी लांबूनच सांगते, आणि आजवर एकाही दुकानदाराने मला गंडवलेलं नाही. हे मी मागच्या रमजानपर्यंत मान ताठ करून सांगत असे. आता सांगायचं झालं तर आधी बघून घेते, तूबा आसपास नाही ना.

तूबा माझी नात. तिचा बाप, माझा तन्वीर, कुवेतला. ही पोर कॉम्प्युटरवर घरं, झाडं, डोंगर उभे करते, ते म्हणे गेममध्ये दिसतात. मुंबईच्या एका कंपनीने तिला कळवलं: महिन्यातला एक आठवडा इथे ये, बाकी काम घरून कर. अट एकच. स्वतःचा लॅपटॉप हवा आणि त्यात आठ जीबीचं ग्राफिक्स कार्ड हवं. एक तारखेला नमुन्याचं काम पाठवू, पाच दिवसांत जमलं तर नोकरी.

"अम्मी, पैसे पाठवलेत," तन्वीर फोनवर म्हणाला. "तू फक्त दुकानात जाऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात होते.

स्वरूप गिऱ्हाइकाला हवा तसा लॅपटॉप बनवून देतो. त्याने कागद पुढे ठेवला. चार जीबीचं कार्ड घातलं तर ब्याण्णव हजार, सहाचं एक लाख आठ, आठाचं एक लाख चौतीस. अंग तेच, पडदा तोच, बटणं तीच.

"नुसत्या कार्डापायी बेचाळीस हजार?"

"कार्डच महाग असतं, चाची."

"मग आत्ता लहान घाल. मोठं मागाहून टाकू."

आमची होडी घेतली तेव्हा तिला दोन सिलिंडरचं इंजिन होतं. दोन हंगाम तसंच चालवलं. मग मासेमारीच्या बंदीत, इंजिनाला गिऱ्हाईक नसतं तेव्हा, सहा सिलिंडरचं स्वस्तात बसवलं. जेटीवर शहाणी माणसं असंच करतात, आणि त्यांत पहिली मी.

"लॅपटॉपमध्ये कार्ड बदलता येत नाही," स्वरूप म्हणाला.

मला हसू आलं. कारण मागच्या टेबलावर त्याची बायको दिशा एका खोक्याएवढ्या कॉम्प्युटरमधून वीतभर कार्ड उपसून दुसरं बसवत होती. माझ्या डोळ्यांदेखत.

"मग ती काय करत्येय? वांगी चिरत्येय?"

"तो टेबलावरचा कॉम्प्युटर, चाची. त्यात बदलतं. लॅपटॉपचं..."

"स्वरूप, तुझ्या बापाला मी बांगडे विकलेत. मला शिकवू नको."

तूबाने माझी ओढणी खेचली. "दादी, तो खरं सांगतोय."

"तू गप. भाव चालू असताना आपल्या माणसाने मध्ये बोलायचं नसतं."

ब्याण्णवचे नव्वद केले, वर बॅग फुकट घेतली. घरी येताना रिक्षावाल्यालाही ऐकवलं की आज मी चव्वेचाळीस हजार वाचवले.

एक तारखेला नमुन्याचं काम आलं. लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागला, अंग एवढं तापलं की वर भाकरी भाजली असती, आणि मग पडदा जागीच थिजला. तूबाने चारदा बंद करून चालू केला. मेमरी पुरत नाही, असंच तो चारही वेळा म्हणाला. तूबा स्वयंपाकघरात गेली आणि कालच निवडून ठेवलेले तांदूळ पुन्हा निवडत बसली.

मी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला आणि स्वरूपकडे गेले. "घाल मोठं कार्ड."

त्याने मुकाट्याने मागचे स्क्रू काढले. मला वाटलं होतं आत वीतभर काहीतरी असेल. चिंचोक्याएवढा काळा चौकोन होता, हिरव्या पट्टीला डाख लावून पक्का बसवलेला. मी नखाने उचकटून पाहिला. ढिम्म.

"म्हणजे हे इंजिन नाही. ही होडीची फासळीच आहे."

"मी तेच सांगत होतो, चाची."

"मग ओरडून सांगायचं!"

आठ जीबीवाला एक तयार होता, तो उद्यापर्यंत राखून ठेवायला स्वरूप कबूल झाला. वापरलेला परत घ्यायला मात्र नाही म्हणाला. माझे स्वतःचे पैसे जाळ्यांत आणि डिझेलात अडकलेले. तन्वीरला मागायचे म्हणजे दुकानात गेले होते हे सांगायचं. राहिला एकच बाजार, जो मला कळतो.

पण जेटीच्या लिलावाला एक रीत आहे. पुकारणारीने मालाचा दोष आधी आणि मोठ्याने सांगायचा. पोट फुटलंय, बर्फ कमी पडलाय, जे असेल ते. ज्यांनी दडवला त्यांना मीच भर जेटीवर उघडं पाडलंय.

सकाळी सगळी मासळी विकून झाल्यावर मी उलट्या टबावर लॅपटॉप ठेवला. तूबा मागे उभी होती. शेजारी पुकारणारी तुळसा लगेच पुढे आली.

"काय गो मैमुना, हा खंयच्या जाळ्यात गावला?"

"आठ दिवसांचा लॅपटॉप!" मी पुकारलं. "दोष ऐका. कार्ड लहान, आणि ते बदलता येत नाही."

"मग तू घेतलास कशाला?"

दुकानदाराने फसवलं, हे शब्द जिभेवर तयार होते. स्वरूप तिथे नव्हता. पण तूबा होती.

"दुकानदाराने सांगितलं होतं. नातीने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मला वाटलं होडीचं इंजिन आहे."

बर्फवाले हसले, ट्रकवाले हसले, तुळसा तर टोपलीवर बसून हसली. मी बोली चढवत राहिले. बर्फाच्या कारखान्यातल्या गौरवने शहात्तर हजाराला उचलला. त्याला बिलं करायची असतात, त्याला पुष्कळ.

आधी वाचवलेले चव्वेचाळीस घालूनही चौदा हजार कमी पडले. तन्वीरला फोन केला.

"अम्मी, दुकानात गेली होतीस?"

"गेले होते."

कुवेतहून आधी हसण्याचा आवाज आला आणि मागोमाग पैसे.

संध्याकाळी नवा लॅपटॉप घरी आला. "मला आणखी मोठ्याने सांगायला काय झालं होतं?" मी तूबाला विचारलं.

"तुला? आपल्या घरात?"

मी उठून तिच्यासाठी चहा ठेवला.

उरलेल्या तीन दिवसांत तिने काम पुरं केलं. नोकरी लागली. जेटीवर मी पापलेट पुकारलं की कोणीतरी विचारतंच, "चाची, कल्ले मागाहून बदलता येतील ना?" मी म्हणते, तुझं डोकं घेऊन ये, तेही बदलून देते.

आणि तूबा आता मोठ्याने बोलते. काल जेवताना सगळ्यांसमोर म्हणाली, "दादी, कालवणात मीठ जास्त झालंय!"

झालं होतं. पण मी दुसरी वाटी घेतली आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.