डोळे बांधून लाल की पांढरी

नेपियर टाउनमधल्या दारूच्या दुकानात मी पांढऱ्या वाइनची बाटली बघत उभा होतो, तेव्हा शर्मिलाचा फोन आला. मे महिना होता. शर्मिला ही माझ्या बायकोची, प्रतिमाची, मैत्रीण. दोघी त्या दिवशी शर्मिलाच्या गच्चीवर कुरडया घालत होत्या. मीच सकाळी प्रतिमाला स्कूटरवर तिथे सोडलं होतं.

शर्मिला म्हणाली, "भाऊजी, प्रतिमा खाली बसली ती उठूनच नाही राहिली. आम्ही दवाखान्यात नेऊन राहिलो. तुम्ही तिकडेच या."

बाटली काउंटरवर ठेवून मी निघालो. मागून दुकानदार ओरडला, "अंकल, पैक कर दूँ?" दवाखाना जवळच होता. मी पोचलो तेव्हा डॉक्टर दाराबाहेर उभे होते. त्यांनी मला आधी बसायला सांगितलं. तेव्हा कळलं.

आमच्या घरात आधी कोणी पीत नव्हतं. मी तोफांच्या कारखान्यात तपासणी खात्यात होतो. माप घेतल्याशिवाय कशालाही पास म्हणायचं नाही, एवढं एकच काम मी आयुष्यभर केलं. निवृत्त झाल्यावर आम्ही सुमेधकडे, म्हणजे मुलाकडे, नाशिकला गेलो. त्याने आम्हाला एका द्राक्षमळ्यात नेलं. तिथे टेबलावर लहान लहान घोट देतात आणि वास घ्यायला सांगतात. प्रतिमाने पांढऱ्या वाइनचा ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाली, "पिकलेला पेरू." तिथला माणूस म्हणाला, "बरोबर आहे काकू." तेव्हापासून आम्हाला नाद लागला.

विजय नगरला, आमच्या घरी, परत आल्यावर आम्ही महिन्यातून एकदोनदा बाटल्या आणायचो. तिला शेनिन आवडायची, मला शिराझ. शेनिन पांढरी, शिराझ लाल. एका संध्याकाळी दोन्ही थोडी थोडी घेऊन बसायचं, वास घ्यायचा, घोट तोंडात फिरवायचा आणि भांडायचं. माझ्या शिराझला ती शाई म्हणायची. "हे प्यायचं की पेनात भरायचं?" मी म्हणायचो, तुझी शेनिन म्हणजे महागाचं लिंबूपाणी. ती म्हणायची, "लिंबूपाण्याने माणूस थंड तरी होतो. तुमचा घाम पाहा."

घामाचं तिचं खरं होतं. नाशिकला सांगितलं होतं की लाल वाइन खोलीच्या तापमानालाच प्यावी, फ्रिजमध्ये ठेवू नये. मी ते अक्षरशः पाळलं. मे महिन्यात आमच्या खोलीत कूलर चालू असूनही भिंत हाताला गरम लागते. त्या खोलीत ठेवलेली शिराझ मी काढ्यासारखी पीत होतो. नुसती झणझण, तिला बाकी काही चव नाही. तिची शेनिन फ्रिजमधली, गार. दर वेळी तीच जिंकायची आणि मला कारण कळत नव्हतं. दोन उन्हाळे असेच गेले.

मग एके दिवशी तीच म्हणाली, "अहो, त्यांची खोली आणि आपली खोली एक आहे काय?" तिने शिराझ फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली. संध्याकाळी मी घोट घेतला तर जांभूळ लागलं आणि मागून काळी मिरी. मी म्हणालो, "आता लढत बरोबरीची."

"बरोबरीची झाली की तुम्ही हरले," ती म्हणाली. "दोन्ही सारख्याच गार करा, डोळे बांधा. लाल कोणती नि पांढरी कोणती, एवढंही तुम्हाला सांगता येणार नाही."

"तुरटपणा कुठे जाईल? जीभ आखडते लालने."

"बांधा डोळे. मग पाहू."

शिराझ घरात होती, शेनिन संपली होती. ती आणायला मी त्या दिवशी दुकानात गेलो होतो. संध्याकाळी डोळे बांधायचं ठरलं होतं. आमचं शेवटचं बोलणं हेच. स्कूटरवरून उतरताना ती म्हणाली, "गमछा धुतलेला घ्या."

शेनिन मी जुलैत जाऊन आणली. दुकानदाराने मला ओळखलं. दोन्ही बाटल्या फ्रिजमध्ये शेजारी ठेवल्या. पण हे काम एकट्याने होत नाही. ओतणाऱ्याला माहीत असतं, म्हणून चाखणारा दुसरा लागतो. मी एकदा स्वतःच ओतून, डोळे बांधून, ग्लास इकडचे तिकडे करून पाहिले. कोणता कुठे गेला हे हाताला समजतच होतं. सुमेधला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, तुम्ही इकडेच या ना राहायला." मी विषय बदलला. ती बरोबर होती की मी, हे मला पाहायचं होतं.

पितृपक्षात बेबीताई नागपूरहून आली. ती माझी मोठी बहीण. नवरा असताना गेलेल्या बाईचं श्राद्ध अविधवा नवमीला करतात आणि त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. शर्मिलाला सवाष्ण म्हणून बोलावलं होतं. ताईने वडे, खीर, कढी, आळूची भाजी, सगळं केलं. शर्मिला जेवली, ओटी घेतली, रडली आणि गेली. उरलेली खीर ठेवायला ताईने फ्रिज उघडला.

"मुरली! हे काय ठेवून राहिला तू घरात?"

"वाइन आहे ताई."

"दिसते मला. काहून ठेवली? पितर येतात घरी या दिवसांत, आणि हा बाटल्या थंड करून राहिला!"

"प्रतिमाची आहे."

तिने खीर ओट्यावर ठेवली. "तुझ्या पापावर तिचं नाव घालू नको."

मग मी तिला सगळं सांगितलं. पेरू, शाई, काढा आणि डोळे बांधायचं ठरलं होतं तेही. ताई ओट्याला टेकून ऐकत होती. मी म्हणालो, "तुला प्यायचं नाही. नुसतं ओतायचं आहे. एका ग्लासात लाल, एकात पांढरी. कोणतं आधी द्यायचं ते तू ठरव, मला सांगू नको."

"मी? दारू ओतू? या वयात?"

"कोणत्या वयात ओतली असती?"

"चूप बैस," ती म्हणाली, पण हसली. "आज नाही. आज जेवण तिचं झालं. उद्या पाहू."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनेच विषय काढला. "चल बाप्पा, आटप तुझं ते. मला संध्याकाळी सामान भरायचं आहे." मी बाटल्या उघडून दिल्या. वाइनचे काचेचे ग्लास तिने हातात घेतले नाहीत. "हे बारचे ग्लास मला नको," म्हणत तिने मांडणीवरून स्टीलचे काढले. मी खुर्चीवर बसून डोळ्यांवर गमछा बांधला. धुतलेला होता.

स्टील खणखणलं, ओतल्याचा आवाज आला. मग पुन्हा खणखण, पुन्हा ओतल्याचा आवाज.

"झालं काय?"

"थांब की. घे, हे पहिलं."

मी वास घेतला. पेरू होता, पण पातळ. जांभूळही होतं. घोट घेतला. जीभ थोडी आखडली, पण लालने आखडते तशी नाही. पांढरी म्हणावी तर मागे मिरी. मी दुसरा घोट घेतला, तोंडात फिरवला. काही ठरेना. प्रतिमा म्हणाली होती तसंच होत होतं. मला वाटलं, संपलं, ती जिंकली.

"ताई, मला नाही सांगता येत."

"सांग ना, लाल की पांढरी?"

"नाही येत."

मी गमछा काढला. माझ्या हातातल्या ग्लासात फिकट गुलाबी वाइन होती. ओट्यावर आणखी दोन ग्लास होते. एकात लाल, एकात पांढरी, दोन्ही भरलेले.

"हे कोणतं आहे?" मी विचारलं.

ताईने ग्लासात डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अव माय! हे तर तिचं."

"कोणाचं?"

"प्रतिमाचं. पितृपक्ष आहे, घरात तिच्या वाटचं आधी काढायला नको? तिला पांढरी आवडे म्हणाला ना. पण तुझी लालही असू दे म्हटलं तिला, एकटी कशी पिणार. म्हणून दोन्ही थोडी थोडी घातली. तुळशीपाशी ठेवणार होते. तूच घाई करून राहिला होता, हातात आलं ते दिलं."

तिने ग्लास माझ्या हातातून काढून घेतला. मग ताई म्हणाली, "तिच्या वाटचं तूच प्यायला."

"तिला राग नसता आला," मी म्हणालो.

"पुन्हा देऊ काय? आता नीट देते. बांध डोळे."

मी नको म्हणालो. दोन्ही चवी तोंडात मिसळल्या होत्या आणि ओट्यावरचे ग्लास मी पाहिले होते. अशा मापाला पास म्हणता येत नाही. ताईने उरलेली गुलाबी तुळशीपाशी नेऊन ठेवली, दोन्ही भरलेले ग्लास मोरीत ओतले आणि हात राखेने घासून धुतले. दुसऱ्या दिवशी मी तिला नागपूरच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून ती म्हणाली, "दिवाळीत सुमेध येईल, त्याला ओतायला सांग."

बाटल्या उघडल्या होत्या, त्या टिकल्या नाहीत. नव्या आणल्या नाहीत अजून. दोन्ही सारख्या गार असताना, डोळे बांधून मला लाल आणि पांढरी ओळखता येते की नाही, हे बघायचं राहिलं आहे.