मेरा नाम पूछो

नेमा टांझानियाहून झाशीला शेतीशास्त्र शिकायला आली, त्याला दोन वर्षं झाली. सुरुवातीला पाच घरांनी तिला खोली नाकारली. रंगाचं कारण तोंडावर कुणीच सांगितलं नाही. कुणाकडे पाहुणे येणार होते, कुणाला भिंतींची पुताई काढायची होती. शेवटी बँकेत कारकून असलेल्या सुहासिनीबाईंनी आपली वरची खोली दिली.

बड्या बाजारातून जाताना मागून “ए कालिया” ऐकू यायचं. नेमा तशीच चालत राहायची. घरी येऊन लिहायची. आधी स्वाहिलीत, मग हिंदीत. हिंदीतल्या स्त्रीलिंग-पुल्लिंगाच्या चुका सुहासिनीबाई काढून द्यायच्या.

झाशीतल्या मराठी समाजाच्या हिंदी-मराठी काव्यवाचनाला बाईंनी तिचं नाव दिलं. अध्यक्ष नानासाहेब म्हणाले, “कविता कशाला, बेटा? तुमच्याकडचा नाच दाखव. लोक खूश होतील.”

“नाच नहीं आता, नानाजी. लिखना आता है.”

रविवारी दुपारी सभागृह भरलं होतं. नेमानं वही उघडली.

“मेरा नाम पूछो, रंग तो दिख ही रहा है.”

“बत्ती जलाओ भाई, कुछ नहीं दिख रहा!” मागून एकजण ओरडला. लोक हसले.

नेमा थांबली. हसणं विरलं तशी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाली.

“ज़रा हँसो, तब दिखोगी!” तोच पुन्हा ओरडला.

या वेळी हसणारे थोडेच होते. नेमानं त्या माणसाकडे शांतपणे पाहिलं आणि तिसऱ्यांदा म्हटलं, “मेरा नाम पूछो...”

पहिल्या रांगेतून सुहासिनीबाईंनी ओळ पुरी केली. त्यांच्यामागून आणखी चार आवाज आले. मग अर्धं सभागृह. मागचा माणूस खुर्ची सरकवून बाहेर निघून गेला.

पुढची कविता कुणी अडवली नाही. गोऱ्यांच्या घायपाताच्या मळ्यात तिच्या पणजीला नंबरानं हाक मारत, ते तिनं वाचलं. झाशीतली पाच दारंही एकेक करून वाचली. तिसऱ्या दाराचे मालक सुबोधजी दुसऱ्या रांगेतच होते. त्यांनी मान वर केली नाही, मधल्या टाळ्यांतही सामील झाले नाहीत. नेमाला ते दिसलं. आवाज मात्र जरासुद्धा खाली आला नाही.

टाळ्या थांबेपर्यंत नानासाहेब माइकशी उभेच होते. मग हळूच म्हणाले, “नेमाजी, अजून एखादी आहे का?”

“सात हैं,” ती म्हणाली, आणि तिनं पान उलटलं.