सयाजीचा मण

सयाजीरावांनी गिरणीचा पट्टा काठीनं उतरवला, इंजिनाला दोन उचक्या घेऊ दिल्या आणि मग ते बंदच करून टाकलं. समोर दळणाच्या टोपल्या ओळीनं मांडलेल्या होत्या. टोपल्यांमागं बायका नव्हत्या.

त्या कुठं असतील हे सांगायला ज्योतिषी नको होता. सयाजीराव मिशांवरचं पीठ झटकत गिरणीच्या मागं गेले आणि निवडुंगाच्या कुंपणाला पडलेल्या भोकातून त्यांनी पलीकडं डोकावलं. हे भोक पूर्वी कोंबडीपुरतं होतं. गेल्या दिवाळीपासून वाढत वाढत ते सयाजीरावांच्या पागोट्याएवढं झालं होतं. यात कोंबड्यांचा काही हात नव्हता.

पलीकडं मीरासाहेबांच्या गोठ्यात विमान होतं.

मीरासाहेब खडकीच्या लष्करी कारखान्यात फिटर. विलायतेला परत गेलेला कुणी गोरा साहेब एक भलं मोठं खोकं मागं ठेवून गेला होता. पुढं सरकारनं ते मोडक्या खाटांबरोबर लिलावात काढलं. मीरासाहेबांनी बोली लावली ती खाटांवर. खोकं वरकड म्हणून आलं. उघडलं तर आत घरच्या घरी जोडायचं दोन माणसांचं विमान, सुट्या भागांत, नकाशांसकट. फक्त इंजिन नव्हतं. मीरासाहेबांनी म्हैस मेहुण्याकडं धाडली, गोठा सारवून घेतला आणि जुन्या लष्करी मोटारसायकलचं इंजिन विमानाच्या नाकाशी बसवलं. ते कागदावरच्या इंजिनापेक्षा जड होतं. म्हणून त्यांनी नाक आखूड केलं, बैठक मागं सरकवली, आणि तेव्हापासून बाकीचं सगळं हलकं कसं करता येईल या एकाच विचारानं त्यांना घेरलं.

कासारवाडीला हे विमान सणासारखं झालं. पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यातली माणसं शिफ्ट सुटली की सायकली इकडं वळवत. एके काळी गावात पहिलं इंजिन आणलं ते सयाजीरावांनी, आणि ते धडधडताना बघायला भोसरीहून लोक बैलगाड्या जुंपून आले होते. पंचक्रोशीत 'इंजिनवाले' म्हटलं की सयाजीराव. हल्ली लोक विचारत, "कंचे इंजिनवाले?"

भोकातून त्यांना आज त्यांची बायको दिसली. मीरासाहेबांच्या रोशनबीच्या मांडीला मांडी लावून यशोदाबाई विमानाच्या पंखाला कापड शिवत होती. शेजारी चिंचोक्याची खळ रटरटत होती. कापड ताठ व्हावं म्हणून ती वरून फासायची होती. सयाजीरावांच्या कोपरीचं बटण शिमग्यापासून तुटलेलं होतं.

संध्याकाळी ते जेवताना म्हणाले, "पंख झाले का शिवून?"

"एक ऱ्हायलाय."

"आमचं बटण त्या पंखालाच लावा मग. उडंल तरी."

यशोदाबाईनं भाकरी वाढली. 

दुसऱ्या दिवशी मीरासाहेब स्वतः गिरणीत आले आणि टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"सयाजीराव, तुमचा मोठा काटा आन् मापं लागत्यात. इमान जोखायचंय. आमचं तुमच्याबिगर न्हाई भागायचं."

ते शेवटचं वाक्य सयाजीरावांनी पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. मग काटा दिला, मापं दिली, आणि ती उचलायला दोन माणसंही दिली. स्वतः मागून आले, हात पाठीशी बांधून, वरबापासारखे.

ही मापं वडिलोपार्जित होती. गिरणीच्या आधी घरी धान्याची अडत होती, तेव्हापासून ती जराशी अशक्त होती. बुडाशी भोक, भोकात लाख, लाखेवर काजळी. मापच हलकं, म्हणून तेवढंच धान्य काट्यावर जास्त वजनाचं भरायचं, आणि दळणावळ वजनावर घेतली जायची. सयाजीरावांनी ही व्यवस्था निर्माण केली नव्हती. मोडली नव्हती, एवढंच. आणि ती घराबाहेर कुणाला ठाऊक नाही याबद्दल त्यांची खात्री होती. यशोदाबाईलासुद्धा त्यांनी सांगितलं नव्हतं.

विमान तुकड्यातुकड्यानं काट्यावर गेलं. पंख, शेपूट, चाकं, शेवटी इंजिन. मीरासाहेबांनी कोळशानं भिंतीवर आकडे मांडले, पुटपुटत हिशेब केला आणि खाली बसले.

"अर्धा मण जादा हाय. दुसरा मानूस न्हाई बसायचा. एकट्यालाच जावं लागंल."

सयाजीरावांनी त्या रात्री एक भाकरी जास्त खाल्ली.

पण दोन दिवसांनी भोकातून बघताना ते पागोटं निवडुंगात अडकेपर्यंत पुढं वाकले. मीरासाहेब सामत्यानं विमानाच्या लाकडात भोकं पाडत होते. शेपटीच्या फळ्यांना पाडली होतीच; आता पंखाच्या आरपार जाणाऱ्या लांब तुळईला लावली होती. जिच्यावर सगळा पंख तोलायचा, तीच तुळई.

"मीरासाहेब, ह्ये काय चाललंय?"

"वजन उतरवतोय. भोकानं लाकूड हलकं हुतंय."

"आन् मोडलं तर?"

मीरासाहेब हसले. "नकाशाच्या कागदात बसंल तेवढंच काढतोय, राव."

विमान पडावं असं सयाजीरावांना रोज वाटे. सकाळी तोंड धुताना तर हटकून. पण ते आपल्या आपण पडावं. वाऱ्यानं पडावं, मीरासाहेबांच्या अतिशहाणपणानं पडावं. सयाजीच्या मापानं पडावं, हे काही त्यांना मानवेना. आता तो माणूस नसलेलं वजन कमी करायला असलेलं लाकूड कोरतो आहे, एवढंच त्यांना दिसत होतं.

खरं सांगायचं तर एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य घेऊन सयाजीराव दोनदा कुंपणापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा तिथल्या बायका बघून परत आले.

मंगळवारी गिरणी बंद ठेवून त्यांनी मापांच्या बुडातली लाख खरवडून काढली. जुन्या बॅटरीतलं शिसं चुलीवर वितळवून भोकांत ओतलं. मग मापं पोत्यात घालून, वर चार मुठी ज्वारी टाकून, चिंचवड स्टेशनच्या मालधक्क्यावर नेली आणि तिथल्या सरकारी मापांशी एकेक लावून, कानशीनं घासून बरोबर केली. परतीच्या वाटेवर पोतं खांद्याला जड लागलं. त्यांनी ते वयावर ढकललं.

घरी येऊन वरून पुन्हा काजळी फासली, आणि बुधवारी मीरासाहेबांना म्हणाले, "पुन्यांदा जोखा. मागल्या टायमाला काटा तिरका हुता, असं मला वाटतंय."

पुन्हा सगळा गाव जमला. पंख, शेपूट, चाकं, इंजिन. या खेपेला मापं कमी लागली, आणि ते बघून सयाजीरावांच्या मनावरचा धोंडा शेराशेरानं उतरत गेला. आता कळेल याला, भोकं पाडायची गरज नव्हती. बुजवील आणि गप बसेल.

मीरासाहेबांनी भिंतीवर बेरीज केली. डोळे बारीक केले, पुन्हा केली. मग त्यांचा चेहरा उजळला.

"बसला! दुसरा मानूस बसला! सयाजीराव, तुमीच चला. तुमच्यावानी काटक मानूस फकस्त बसू शकतोय. काटा तुमचा, मान तुमचा."

सयाजीरावांच्या कानांत गिरणी सुरू झाली. भोसरीच्या माळावर जमलेले लोक, त्यांच्या वर विमान, विमानात पागोटं. खाली मान उंचावून यशोदाबाई. 'कंचे इंजिनवाले?' असं आता कुणी विचारणार नव्हतं. रोशनबी कौतुकानं "मग काय, भावजी!" म्हणाली, आणि यशोदाबाईनं सुई थांबवून, शिमग्यापासून प्रथमच, नवऱ्याकडं नीट बघितलं.

"दावा बरं हिशेब," सयाजीराव मोठेपणानं म्हणाले.

मीरासाहेब भिंतीवर बोट फिरवू लागले. "ही सगळी बेरीज. ह्यातनं मणामागं चार शेर सयाजीची कसर वजा. ऱ्हायलं एवढं. त्यात मी, तुमी, आन् भरल्याली टाकी. बरूबर नकाशाच्या कागदाइतकं."

"कसली कसर?"

गोठ्यात कुणी खोकलं. मीरासाहेबांना आपण काय बोललो ते उमगलं आणि ते कोळशाकडं बघू लागले. शेवटी कौशल्याबाई म्हणाली. ती गिरणीची सगळ्यांत जुनी गिऱ्हाईक.

"अवो, तुमच्या मापातली. मण चाळीस शेरांचा, पर सयाजीचा मण म्हंजे छत्तीस शेर. आमच्या सासूबाय तसंच धरायच्या, आमीबी तसंच धरतो. लग्नाचा शिधा काढताना त्ये वजा न्हाई केलं तर पंगत उपाशी ऱ्हाती."

"म्हंजे मागल्या टायमालाबी..."

"वजा करूनच अर्धा मण जादा भरलं हुतं," मीरासाहेब हळूच म्हणाले. "माझं इंजिनच जड हाय, राव. तुमचा काय दोष."

सयाजीरावांनी बायकोकडं बघितलं. यशोदाबाई पंखाची शिवण फार बारकाईनं तपासत होती. तिलाही ठाऊक होतं. कोंबड्यांनाही ठाऊक असावं.

मापं काट्याशेजारी निमूट बसली होती, काजळी फासलेली, पूर्वीसारखीच. ती आता भरली आहेत हे कुणाला कळलंही नसतं. शुक्रवारी भोसरीच्या माळावरून विमान उडायचं होतं, आणि मीरासाहेब टाकी काठोकाठ भरणार होते. मागची बैठक सुतळीनं विणून तयार होती. सयाजीरावांनी तिच्यावर हात ठेवला, एकदा दाबून बघितली. चांगली विणली होती.

"वजा करू नका," ते म्हणाले.

"आं?"

"चार शेर वजा करू नका. मापं भरल्यात."

मीरासाहेबांनी एक माप उचललं, उलटं केलं आणि अंगठ्यानं काजळी पुसली. खाली शिसं चमकलं. त्यांनी ते जपून खाली ठेवलं, भिंतीपाशी गेले, वजा केलेला आकडा तळव्यानं पुसला आणि नवा आकडा मांडला. 

"मग एकट्यालाच जावं लागतंय."

"जावा. टाकीबी काठोकाठ भरू नका. आन् त्या तुळईला आता सामता लावू नका."

"न्हाई लावत."

सयाजीरावांनी बैठकीवरचा हात काढून घेतला. कौशल्याबाई मात्र अजून मापांकडंच बघत होती.

"म्हंजे आता मण खरा हाय?"

"व्हय."

"कवापासनं?"

"मंगळवारपासनं."

"माझी टोपली सोमवारी जोखलीया," कौशल्याबाई म्हणाली आणि पदर खोचून उठली. "ती परत जोखायची."

तिच्यामागोमाग दुसरी उठली. कुणाची ज्वारी सोमवारची होती, कुणाची रविवारची, आणि एकीची तर गेल्या वर्षीची होती, ती खाऊनही झाली होती. पण तीही निघाली. बायका उठल्या तसे बापे उठले, कारण नेमकं काय होतंय हे त्यांनाही बघायचं होतं. सायकलीवाल्यांनी सायकली फिरवल्या. दोन माणसांनी काटा उचलला, दोघांनी मापं. गोठ्यात खळ रटरटत राहिली.

थोड्या वेळानं गिरणीचा पट्टा चढला, इंजिन धडधडलं. दारात रेटारेटी झाली. सयाजीराव घामाघूम होऊन मापं टाकत होते, काढत होते, आणि लोक काट्याच्या जिभेकडं डोळे लावून बघत होते. यशोदाबाई एका पोत्यावर बसून त्यांच्या अंगातल्या कोपरीलाच बटण लावत होती, "हलू नका" म्हणत, आणि ते हलत होते.

मागच्या बाजूला, कुंपणाच्या भोकात, टोपी घातलेलं एक डोकं आलं.

"लई गर्दी हाय की आज," मीरासाहेब म्हणाले.

"हाय थोडी," सयाजीराव मागं न बघता म्हणाले, आणि त्यांना नीट दिसावं म्हणून जरासे बाजूला सरकले.