हनुवटीवरची खूण

सांगलीतल्या नानासोंच्या फोटो स्टुडिओत लग्नाळू पोरी गोऱ्या व्हायच्या त्या शिवांजलीच्या हातून. नव्व्याण्णव साल होतं. नानासोंनी हौसेनं कॉम्प्युटर आणला होता आणि फ्लॉपीवर फोटो घेणारा, विटेएवढा जड कॅमेराही. दोन्ही चालवायची अक्कल मात्र शिवांजलीलाच होती, म्हणून सुट्टीच्या दिवशी कॅमेरा तिचा. तो पाठीला बांधून ती डोंगर चढायला जायची. असलं खूळ तिच्या गावात, पलूसमध्ये, दुसऱ्या कुणाच्या पोरीला नाही, हे तिच्या वडिलांना, आबांना, सगळ्यांनी सांगून झालं होतं.

फौजेतून सुभेदार होऊन आलेले आबा आज स्टुडिओतच येऊन बसले. रहिमतपूरचं स्थळ आलं होतं, फोटो पाठवायचा होता. शिवांजलीनं पडद्यावर आपला फोटो आणला. पाटणजवळच्या सुळक्याचा माथा, खांद्यावर दोर, उन्हानं रापलेलं तोंड आणि हनुवटीवर टाक्यांची खूण. कॅमेरा दगडावर ठेवून तिनं स्वतःच काढलेला. इतकी खूश ती दुसऱ्या कुठल्याच फोटोत नव्हती.

"ह्यो धाडायचा?" आबांचा आवाज चढला. "आदी ती खूण पुस. तोंड उजळ कर. लोकांच्या पोरींचं करतीस, सवताचं करायला काय झालं?"

करत होती, खरंच. गेल्याच महिन्यात एका पोरीच्या गालावरचा डाग तिनं असाच पुसला होता. बघायला आलेल्यांनी आधी फोटो पाहिला, मग पोरगी पाहिली आणि चहाला न थांबता उठून गेले. ती पोरगी इथं येऊन ढसाढसा रडली. तेव्हापासून शिवांजलीला त्या माउसची चीड यायची.

"पुसते की," ती म्हणाली. खूण गेली. रापलेपण गेलं. "दोरबी नको आसंल?" दोर गेला. मग सुळका गेला, आभाळ गेलं. पांढऱ्याफटक पडद्यावर एक गुळगुळीत बाई उरली. "ही घ्या. हिचं लावा लगीन. मी ही न्हवं."

"पोरी, तोंड आवर," नानासो मधे पडले.

"का आवरू? आबा, तुमच्या दंडावर गोळीची खूण हाय. पावणा आला की बाही सारून दावता. मी पडले आन् टाकं घालून परत चढले. माझी खूण का झाकायची?"

आबांचा हात दंडाकडे गेला.

तिनं केलेलं सगळं मोडीत काढलं, मूळ फोटो छापला आणि त्यांच्या हातात दिला. आबांनी तो उजेडाला धरला.

"न्हाई म्हणाले तर?" आता ते ओरडत नव्हते. पोरीच्या काळजीनं विचारत होते.

"तर चढीन."

"आन् व्हय म्हणाले तर?"

"तरीबी चढीन. त्यास्नी आत्ताच कळू द्या, आबा. म्हणून तर ह्योच धाडायचा."