शून्य चौतीस क्रमांकाची त्रासवही

मी एक वही बोलतेय. शाळेची नव्हे, आणि कवितांची तर मुळीच नव्हे. दुसऱ्याच्या दुखण्याखुपण्याची जी कटकट ऐकायचा माणसांना कंटाळा येतो, तीच ऐकण्यासाठी माझा जन्म झाला. माझ्या प्रत्येक पानावर तारीख, गोळी घेतल्याची वेळ आणि एकच प्रश्न छापलाय : ‘आज काही वेगळं वाटलं का?’

आखडलेल्या बोटांवर एक नवी गोळी निघाली होती. ती दुकानात येण्याआधी दोनशे माणसं स्वखुशीने घेऊन बघणार होती. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच. कुणाला कुठली, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. मी तर थक्कच झाले. कधी न भेटलेल्या लोकांसाठी आपलं शरीर असं पुढे करायला केवढी छाती लागते!

माझ्या वाट्याला आल्या शून्य चौतीस क्रमांकाच्या, कपडे शिवणाऱ्या मावशी. त्यांनी मला शिवणयंत्राच्या खणात, बॉबिन आणि खडूंशेजारी टाकून दिलं. रोज कुठलं लिहायला! तपासणीच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून त्या एका दमात चौदा दिवस भरून काढायच्या : काही नाही, काही नाही, काही नाही.

पहिल्या खेपेला ते खरं होतं. दुसऱ्या खेपेला नव्हतं. खणात पडल्या पडल्या मी सगळं ऐकलं होतं.

“डाव्या कानात सारखी शिट्टी वाजते गं,” मावशी धाकट्या बहिणीला म्हणाल्या.

“अगं ताई, मग सांग की डॉक्टरांना!”

“सांगितलं की गोळी बंद. किती वर्षांनी सुईत दोरा ओवतेय मी, बघतेस ना?”

बहीण आपली बोटं चोळू लागली. तिचीही आता आखडायला लागली होती. “मलाही मिळेल ना गं ती गोळी पुढे?” एवढंच तिने विचारलं.

तपासणीच्या दिवशी सिस्टरने मला उघडलं आणि तिला हसूच आलं. भरण्याच्या ओघात मावशींनी एक पान जास्तीचं भरलं होतं.

“मावशी, उद्याही काही होणार नाहीये का तुम्हाला?”

मावशी ओशाळल्या. सिस्टर रागावली नाही. म्हणाली, “उद्या ही गोळी हजारो लोक घेतील. त्यांना काय होऊ शकतं, ते आज तुम्हीच सांगू शकता.” मग पेन तिथेच ठेवून ती रक्ताच्या नळ्या आणायला गेली.

मावशी कितीतरी वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिल्या. त्यांनी ती मिटली, उघडली, पुन्हा मिटली. माझ्यात खोडरबर चालत नाही. चुकलं तर त्यावर एक रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. मावशींनी जास्तीच्या पानासकट दहा रेघा मारल्या, दहा सह्या केल्या आणि लिहिलं : ‘या पंधरवड्यात सहाव्या दिवसापासून डाव्या कानात शिट्टी. थांबत नाही.’ अक्षर अगदी सुबक होतं.

गोळी त्याच दिवशी बंद झाली.

पुढे आम्हा साऱ्या वह्यांना एका लांब टेबलावर मांडलं. कुणी लिहिलं होतं, कानात भुंगा शिरलाय. कुणी लिहिलं होतं, पंखा बंद केला तरी घरघर येते. अकरा माणसं, एकमेकांना कधीही न भेटलेली, एकच गोष्ट सांगत होती. खोलीतल्या शिकलेसवरलेल्या लोकांनी यादी उघडून पाहिली : अकराही जणांना खरी गोळी मिळाली होती. गोळीची मात्रा निम्मी केली, पुन्हा वर्षभर पारखली आणि मगच ती दुकानात गेली. खोक्यातल्या कागदावर एक बारीक ओळही छापली गेली : कानात आवाज येऊ लागल्यास डॉक्टरांना ताबडतोब सांगा.

आता मी एका बंद खोलीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात असते. मला जपून ठेवायचा नियम आहे.

औषधाबरोबरचा तो घडीचा कागद तुम्ही न वाचताच फेकता, मला ठाऊक आहे. एकदा उघडून बघत जा. त्यावर लिहिणाऱ्याचं नाव नसतं. माझ्या शेवटच्या पानावर मात्र मावशींचं अक्षर आहे, गोळी दुकानात आल्यावर शेवटच्या तपासणीला लिहिलेलं, मोठं, वेडंवाकडं, कसंबसं ओढलेलं : ‘शिट्टी थांबली. बोटं पुन्हा आखडली. बहिणीला नवी गोळी सुरू झाली, तिला काही त्रास नाही.’