बावीस किलो जिवंत दगड

दगड शनिवारी सकाळी येणार होते, आणि गुरुवारी दुपारी राडानाकडे जेमतेम दीडशे लिटर पाणी जमलं होतं. हवं होतं तीनशे.

लोश्तित्से या चेक गावच्या नळाचं पाणी चहाला उत्तम, टाकीतल्या समुद्राला निरुपयोगी. त्यात चुना फार. ते आईच्या गाळणीतून थेंब थेंब उतरवून घ्यावं लागे. न्हाणीघरात भिंतीला लावलेल्या तीन नळकांड्या, त्यांतून निघालेली बारीक निळी नळी आणि नळीखाली पिंप. राडाना टबाच्या काठावर पुस्तक घेऊन बसली होती. पान उलटलं की एकदा पिंपात डोकवायचं, असा तिने स्वतःला नियम घालून घेतला होता. ब्रनोच्या ग्रंथालयातून तिने बारा दिवसांची रजा काढली होती, आणि त्यातले दोन नुसते थेंब बघण्यात चालले होते. तिची तक्रार नव्हती. जानेवारीपासून पहिल्यांदाच तिला असं काम मिळालं होतं ज्यात घाई करून काही उपयोग नव्हता.

दगड आईने, म्हणजे ब्लाझेनाने, मागवलेले होते. तिने सप्टेंबरात, जुनी छोटी टाकी गळायला लागल्यावर, ही मोठी काचेची टाकी आणवून बैठकीच्या खोलीत बसवली आणि मत्स्यालय क्लबच्या कुबीचेकना सांगितलं, पुढच्या खेपेत माझे बावीस किलो. खेप इंडोनेशियाहून यायची. हे मेलेल्या पोवळ्यांचे तुकडे, वर्षानुवर्षं समुद्रात पडून भोकाभोकांचे झालेले. त्या भोकांत किडे, स्पंज, शेवाळं, आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव राहतात. पाण्यातली घाण तेच खातात. म्हणून त्यांना जिवंत दगड म्हणायचं. ते नसतील तर टाकी म्हणजे काचेच्या भांड्यातलं मिठाचं पाणी. खेप लांबत गेली, जानेवारीत ब्लाझेना गेली, आणि मार्चमध्ये कुबीचेकचा फोन आला.

"कोणालाही देऊन टाका," बाबांनी फोनवर सांगितलं होतं. राडानाने नंतर परत फोन करून सांगितलं, आमचे आम्हाला हवेत.

बाबा, म्हणजे अलोइस, त्यावर एवढंच म्हणाले, "कर तुला काय करायचं ते. मी स्वयंपाकघरात आहे." जानेवारीपासून ते स्वयंपाकघरातच होते. शब्दकोडी तिथे, रेडिओ तिथे, दुपारची डुलकीही तिथल्या बाकावर. बैठकीच्या खोलीचं दार बंद असे. तिथे गेलं की समोर रिकामी काच.

शुक्रवारी तीनशे लिटर भरले. राडानाने मीठ मोजून टाकलं, पंप आणि हीटर सोडला. डोळ्याला लावायच्या छोट्या नळीच्या काचेवर थेंब ठेवून खारटपणा पाहिला. दर हजारी एकतीस. आणखी मीठ. तेहतीस. आणखी. संध्याकाळपर्यंत समुद्राचा असतो तसा बरोबर पस्तीस आला, पाणी निवळलं, ऊब पंचवीसवर स्थिरावली. टाकी काठोकाठ भरलेली पाहून तिला इतकं समाधान वाटलं की तिने स्वयंपाकघरात जाऊन वडिलांच्या ताटातला खसखस भरलेला गोड पाव, बुख्ता, उचलून खाल्ला.

"झाला समुद्र?" बाबांनी कोड्यातून मान वर न करता विचारलं.

"झाला."

"मग आता मला बोट मागव."

शनिवारी कुबीचेक थर्मोकोलची पेटी पोटाशी धरून आले. सत्तरीचे, फुटबॉलसारखे गोल आणि सतत घाम पुसणारे. दारात बूट काढून त्यांनी पाहुण्यांच्या सपाता शोधल्या, आणि खोलीत येऊन टाकीकडे पाहत उभे राहिले.

"राडा, पाणी छान आहे. आता दगड कुठे बसणार? माझ्या मांडीवर?"

राडानाने काठोकाठ भरलेल्या टाकीकडे पाहिलं, आणि तिला कळलं. ग्रंथालयात पुस्तकांच्या कपाटाची जागा ती सेंटिमीटरमध्ये मोजते. बावीस किलो दगड पाण्यात शिरल्यावर पाणी कुठे जाईल, हे मात्र तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. दोघांनी मिळून चार बादल्या उपसून टबात ओतल्या.

"वाया नाही जायचं," कुबीचेक म्हणाले. "पाणी बदलायला लागेलच. दगड प्रवासात थोडे मरतात, मग पाणी बिघडतं. आठवडाभर दिवा लावायचा नाही, वाळू घालायची नाही, मासा तर नाहीच. रोज पाणी तपासायचं. तपासणीच्या बाटलीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे, पिवळं राहिलं तर ठीक. हिरवं झालं तर विष."

पेटी उघडली. ओल्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले नऊ दगड. क्लबात रीत अशी की गाडीच्या डिकीपाशी प्रत्येक दगड वेगळा हातात घेऊन हुंगायचा, मगच घरी न्यायचा. कुबीचेकनी आज पेटीवर तोंड नेऊन एकदाच दीर्घ श्वास घेतला.

"समुद्राचा येतोय. तुझी आई असती तर एकेकाला हुंगून निकाल दिला असता. क्लबात तिच्यासारखं नाक नव्हतं कोणाचं. संशय आला तर दगड घरी न्यायची आणि दुसऱ्या दिवशी फोन करायची. कधी चुकली नाही बाई." त्यांनी घाम पुसला. "मला नाही जमत ते. आज तर नाहीच जमत."

राडानालाही जमलं नाही. दोघांनी एकेक दगड हलकेच पाण्यात सोडला, मोठे खाली, छोटे वर, मध्ये पाण्याला फिरायला वाट ठेवून. जांभळे, विटकरी, एकावर काडीएवढा पांढरा किडा. जाताना दारात कुबीचेकनी आवाज उतरवला.

"तुला सांगायला हवं. तुझ्या बाबांनी मला पुढच्या रविवारी गाडी घेऊन बोलावलंय. पाणी चाललं नाही तर काच क्लबला द्यायची म्हणाले. मी हो म्हटलं. काय म्हणणार?"

राडानाने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत रेडिओवर कोणीतरी हवामान सांगत होतं.

"चाललं तर?"

"चाललं तर मी कॉफी पिऊन जाईन."

रविवारी बाटलीतलं पाणी पिवळं होतं. सोमवारी पिवळ्यात पोपटी. मंगळवारी सकाळी तिने बाटली खिडकीपाशी धरली आणि पाणी पालकाच्या रश्शासारखं दिसलं. खोलीत वास भरला होता, गोड आणि जड. तिने गाळणीतून चार दिवसांत जमलेल्या पाण्यात मीठ घालून टाकीतलं निम्मं पाणी बदललं, खिडकी उघडली, कुबीचेकना फोन लावला.

"अर्धं बदललंस? बरं. उद्यापर्यंत उतरलं नाही तर सगळे बाहेर काढ. एकदा सगळंच मरायला लागलं की थांबत नाही."

बुधवारी ते आणखी गडद झालं. राडाना बाटली हातात घेऊन सोफ्यावर बसून राहिली. तिला रडू आलं नाही. तिला फक्त दिसत होतं की रविवारी गाडी येईल, दोन माणसं काच उचलतील, आणि बाबांना बैठकीच्या खोलीत जायचं कारणच उरणार नाही. मग ते स्वयंपाकघरात म्हातारे होतील, आणि ती ब्रनोहून दर रविवारी फोन करून विचारेल, जेवलात का. ती उठली, न्हाणीघरातून मोठं पिंप आणलं आणि पहिला दगड काढायला बाह्या वर केल्या.

दार उघडलं. बाबा हातात ब्रेडचा तुकडा घेऊन उभे होते. ब्रेडवर त्यांचं ते पिवळं चिकट चीज आणि कांदा.

"दोन वास येतायत," ते म्हणाले.

"माहीत आहे बाबा. खिडकी उघडली आहे. आज काढून टाकते सगळं."

"ऐकत नाहीस. दोन म्हणालो." त्यांनी घास गिळला. "एक मुरल्याचा आहे. तो चांगला. दुसरा सडल्याचा. तो त्याच्या मागून येतोय, थोडा खालून. सगळं का काढतेस?"

अलोइसनी सदतीस वर्षं गावातल्या चीजच्या कारखान्यात पिकवणीच्या खोलीत काढली होती. या गावात पाहुणे नाक दाबून येतात, आणि इथली माणसं त्याच वासावर मुलं वाढवतात. पिकवणीच्या खोलीत लाकडी फळ्यांवर चीजच्या हजारो चकत्या मांडलेल्या असत, आणि सगळ्यांना सारखाच उग्र वास येई. त्यातली बिघडलेली एक चकती कोणत्या फळीवर आहे, ते दारात उभं राहून सांगणं हे बाबांचं काम होतं.

त्यांनी ब्रेड कपाटावर ठेवला, नुसत्या पाण्याने हात धुवून आले, आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं.

"एकेक दे. पाण्यातून काढलास की लगेच. आणि तू लांब हो, तुझ्या अंगाला साबणाचा वास आहे."

पहिला दगड त्यांनी दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले, तळापासून वरपर्यंत नाकाजवळून नेला. मग अंगठ्याने तीन ठिकाणी दाबून पाहिलं, चकती दाबतात तसं.

"चांगला. ठेव परत."

दुसरा, तिसरा, चौथा चांगले. पाचव्याला त्यांनी नाक मुरडलं, मग मान हलवली. "म्हातारा आहे, पण चांगला." सहाव्यातून एक केसाळ किडा बाहेर आला आणि त्यांच्या नखावर चढला. त्यांनी तो परत भोकात ढकलला. "घरात जा रे."

सातवा त्यांनी नाकापाशी नेलाच नाही. अर्ध्या वाटेत हात थांबला.

"हा."

वरून तो सर्वांत देखणा होता, जांभळा, झालर असलेला. बाबांनी तो उलटा केला. पोटात मुठीएवढी खोबण होती, आणि तिच्यात काळा, लिबलिबीत गोळा. मेलेला स्पंज. राडानाला आता तो वास वेगळा कळला आणि तिने तोंड फिरवलं.

"सुरी दे. बटाट्याची, छोटी."

त्यांनी खोबण कोरून कोरून स्वच्छ केली, टबातल्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत दगड तीनदा बुडवला, पुन्हा हुंगला, पुन्हा कोरला. पाऊण तास लागला. आठवा आणि नववा चांगले निघाले. गुडघे दुखायला लागले तसे ते सोफ्याला टेकून जमिनीवरच बसले.

"दगड फेकायचा नसतो," ते म्हणाले. "दगडाचं काय चुकलं?"

राडाना त्यांच्याशेजारी बसली. "बाबा, तुम्हाला हे कुठून कळतं? तुम्ही तर कधी टाकीजवळ आला नाहीत."

"टाकीजवळ कशाला यायचं? तुझी आई आणायची ना दगड माझ्याकडे. मी जेवत असायचो. ताटाशेजारी ठेवायची आणि म्हणायची, लोइसा, जरा बघ." त्यांनी सुरी वर्तमानपत्राला पुसली. "तिला वासातलं काही कळत नव्हतं. दूध नासलं तरी कळायचं नाही. तिसाव्या वर्षी सर्दी झाली ती कधी गेलीच नाही."

राडाना हसायला लागली. आधी आवाज न करता, मग तिला थांबवेना. बाबा तिच्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्याही तोंडाचा एक कोपरा वर गेला.

"क्लबात सांगू नकोस. मला सांगायची परवानगी नव्हती."

त्या दिवशी त्यांनी निम्मं पाणी पुन्हा बदललं. गुरुवारी हिरवं पोपटी झालं. शुक्रवारी बाबांनी स्वतः बाटली खिडकीपाशी धरली आणि म्हणाले, "पिवळं आहे की माझे डोळे?" पिवळं होतं. शनिवारीही. बाबा स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून बैठकीच्या खोलीत घेऊन आले, कारण सोफा फार खोल आहे आणि तिथून खालचा दगड दिसत नाही. संध्याकाळी त्यांनी राडानाला हाक मारली. म्हाताऱ्या दगडाच्या भोकातून एका किड्याचा बारीक लाल पिसारा बाहेर आला होता. ती जवळ आली तसा तो झटकन आत गेला.

"सावकाश चाल," बाबा म्हणाले. "लाजतो."

रविवारी दहाला कुबीचेक आले. बरोबर दोन पट्टे आणि एक घोंगडी आणली होती, काच बांधायला. बाबांनीच दार उघडलं.

"बूट काढा. आणि ते पट्टे बाहेरच ठेवा, नाहीतर ओले होतील."

कुबीचेक टाकीपुढे उभे राहिले. बाटली पाहिली, दगड पाहिले, वाकून सातव्या दगडाची कोरलेली खोबण पाहिली.

"हे कोणी केलं?"

"सुरीने," बाबा म्हणाले.

"सुरी कोणाच्या हातात होती ते विचारतोय."

बाबांनी राडानाकडे पाहिलं. ती कॉफीत पाणी ओतत होती आणि मुद्दाम मान वर करत नव्हती.

"हुंगलं मी, कोरलं पण मी," बाबा म्हणाले. "नेहमीसारखं."

"नेहमीसारखं म्हणजे?" कुबीचेक खुर्चीत बसले. मग त्यांना हळूहळू कळत गेलं, आणि त्यांचा घाम पुसायचा रुमाल तसाच हवेत राहिला. "म्हणजे पंधरा वर्षं... ती दगड घरी न्यायची ते..."

"जेवताना. कधीकधी सूप निवायचं माझं."

"आणि आम्ही तिला नाताळात बक्षीस दिलं होतं. नाकाचं."

"ते पलंगाखाली आहे," बाबा म्हणाले. "ती म्हणायची, अर्धं तुझं."

कुबीचेकनी कॉफी प्यायली, तळातला गाळही चमच्याने खाल्ला. मग म्हणाले, "एप्रिलमध्ये बाराशे किलोची खेप येतेय. शनिवारी सातला, शाळेमागच्या मैदानात. पुष्कळ लोक येतात. एकाचंही नाक धड नाही."

"सातला मी उठत नाही."

"साडेसात."

"आठ," बाबा म्हणाले. "आणि मला घ्यायला या. माझी सायकल पंक्चर आहे."

राडानाची गाडी साडेअकराची होती. ती बॅग घेऊन बैठकीच्या खोलीत आली तेव्हा दोघे टाकीपुढे वाकून उभे होते आणि दिवा कधी लावायचा यावर भांडत होते. कुबीचेक म्हणत होते बुधवारी, बाबा म्हणत होते शुक्रवारच्या आत नाही. तिने बाबांच्या खांद्याला हात लावला.

"पाणी आटलं की गोडं घालायचं, बाबा. खारं नाही. मीठ आटत नाही."

"माहीत आहे. जा, गाडी चुकेल," बाबा म्हणाले, आणि पुन्हा कुबीचेककडे वळले. "शुक्रवार म्हणालो ना."